दहा माथी, आठ महिने

पावसाने उघडीप दिली आणि हवा धुऊन निघाली की खांदा कॉलनीतल्या कुठल्याही उंच इमारतीच्या गच्चीवर जा. पूर्वेला माथेरानची लांबलचक रांग, तिच्या अलीकडे प्रबळगडाचं पठार, त्याला खेटून कलावंतिणीचं टोक. दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा. ईशान्येला चंदेरी आणि मलंगगडाचे सुळके. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, पण बाकीचं हे सगळं जागच्या जागी आहे. खांदेश्वरहून पहाटे निघालं तर यातल्या बहुतेक ठिकाणी जाऊन रात्रीच्या जेवणाला घरी येता येतं. म्हणून तर इथल्या ट्रेकिंगच्या गटांत दरवर्षी कुणी ना कुणी यादी काढतंच: यंदा इतके डोंगर पुरे करायचे.

यादी काढणारे पुष्कळ, पुरी करणारे थोडे. दमसास कमी पडला म्हणून ती अडली, असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा डोंगरांचा क्रम चुकलेला असतो. लोक उंचीप्रमाणे किंवा फोटोत काय चांगलं दिसतं त्याप्रमाणे क्रम लावतात. आधी कलावंतीण, तीही भर जुलैत. मग ऑक्टोबरच्या उन्हात माणिकगड, जिथे छातीएवढ्या गवतात वाटच सापडत नाही. आणि डिसेंबर-जानेवारी, म्हणजे खरे चालायचे दिवस, उजाडतात तोवर निम्मी मंडळी गळालेली असतात. क्रम ऋतूप्रमाणे लावा आणि वेग गटातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाप्रमाणे ठेवा, एवढं पाळलं तर साधारण प्रकृतीचा, नोकरी सांभाळून चालणारा माणूसही यादी पुरी करतो.

आम्ही धरलेली दहा नावं अशी: कर्नाळा, सोंडाई, दोधाणीच्या वाटेने माथेरान, पेब, माणिकगड, प्रबळगड, चंदेरी, इर्शाळगड, कलावंतीण आणि शेवटी कळसूबाई. पहिली नऊ रायगड-ठाण्याच्या हद्दीत, एकेका दिवसात होणारी. दहावं महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर. जुलैच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जवळजवळ आठ महिने हातात मिळतात. मार्च ते मे हा काळ आम्ही मोकळा ठेवतो. कातळ तापतो, टाकी आटतात, वणवे लागतात, आणि त्या दिवसांत उन्हाने माणूस कोसळला तर त्याला खाली आणणं फार कठीण जातं.

माथा कुठे धरायचा

यादी हातात घेतल्यावर पहिलं काम घरी बसूनच करायचं आहे: प्रत्येक डोंगरावर कुठवर गेलं म्हणजे तो झाला, हे आधी ठरवून लिहून ठेवायचं. हे काम सगळे टाळतात आणि मग वरती, पाय थरथरत असताना, त्यावर वाद घालतात.

स्कॉटलंडमध्ये सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली तीन हजार फुटांहून उंच शिखरांची यादी छापली. आज तीत २८२ शिखरं आहेत आणि ती पुरी करणं हा तिथल्या कित्येकांचा आयुष्यभराचा नाद आहे. कुठलं शिखर स्वतंत्र आणि कुठलं नुसतं बगलेचं टोक, यावर तिथेही खल झाला आणि यादी वेळोवेळी बदलली. खुद्द मन्रो १९१९ साली गेले तेव्हा त्यांची काही शिखरं राहिलेलीच होती.

आमच्या यादीत कर्नाळा म्हणजे सुळक्याच्या पायथ्याची, कातळात खोदलेली टाकी आणि कोठारं. सुळका चढणं हे प्रस्तरारोहकांचं काम, शिवाय तिथे आग्या मोहोळं लागतात. इर्शाळला नेढ्यापर्यंत गेलं की झालं. चंदेरीला सुळक्याच्या पोटातली गुहा धरायची. त्यापुढचा माथा फक्त दोर आणि तो लावणारा जाणता माणूस सोबत असेल तर. कलावंतिणीला पायऱ्या संपल्यावर जो शेवटचा उभा कातळटप्पा लागतो, त्याच्या खालची जागा धरली तरी कुणी हिणवायचं नाही. हे आधी ठरलेलं असलं की ज्याला भीती वाटते तो मोकळेपणाने “मी इथेच थांबतो” म्हणतो. गटाच्या दृष्टीने हे वाक्य फार मोलाचं आहे. नेमकं तेच न म्हणता आल्यामुळे माणसं अडचणीत सापडतात.

गट निवडताना

डोंगरावर नेणारे आता उदंड झाले आहेत. शनिवारी रात्री दोन-दोन बस भरून माणसं नेणारेही आहेत. त्यांच्याबरोबर एखादा डोंगर होईल, पण वर्षाची यादी व्हायची तर तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटणारा, एकमेकांचे गुडघे आणि स्वभाव ओळखणारा गट हवा. आपल्या बाजूला जुनी परंपरा आहे. मुंबईची गिरिविहार ही संस्था १९५४ सालची. बेलापूरच्या कातळांवर पोरांना चढाई शिकवणाऱ्या याच मंडळींनी २०१६ साली बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा नवी मुंबईत भरवली. मुलुंडचे चक्रम हायकर्स, पनवेलची निसर्गमित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या शाखा अशी कितीतरी नावं आहेत. तुमच्या सोसायटीतला किंवा कचेरीतला लहान गटही चालेल. प्रश्न मात्र सगळ्यांना सारखेच विचारा.

लीडर ही वाट याच ऋतूत अलीकडे चालून आला आहे का? म्हणजे रेकी झाली आहे का? वीस जणांमागे जाणती माणसं किती? पुढे एक, मध्ये एक, मागे एक, एवढी तर हवीतच, आणि कातळटप्प्याच्या डोंगरावर वीस जण नेऊच नयेत. त्यांच्यापैकी कुणी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून, दार्जिलिंगहून किंवा मनालीहून बेसिक कोर्स केला आहे का? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणाचं झालं आहे? पैसे घेऊन नेत असतील तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आहे का? आणि एक प्रश्न अगदी न विसरता विचारा: गेल्या वर्षी तुम्ही अर्ध्यातून किती वेळा परत फिरलात? “एकदाही नाही” असं छाती फुगवून सांगणाऱ्या गटाबरोबर जाऊ नका.

गटात सगळ्यात अवघड काम बॅकलीडचं, म्हणजे सगळ्यात मागून चालणाऱ्याचं. त्याच्यामागे कुणी राहत नाही, हा एकच नियम. कुणी बुटाची नाडी बांधायला बसलं, कुणी आडोशाला गेलं, तर तो थांबतो. पुढचा लीडर प्रत्येक फाट्यावर थांबतो आणि बॅकलीड दिसल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नाही. डोंगरात माणसं हरवतात ती बहुतेक या फाट्यांवरच: पुढचे दिसेनासे झालेले असतात, मागचे अजून यायचे असतात, आणि मधला गडी मळलेली दिसते म्हणून ढोरवाटेला लागतो. यादी पुरी करायची इच्छा असलेल्या प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा बॅकलीड करावी, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्याच्या वेगाने चालण्याची सवय त्यातूनच लागते.

पायांची तयारी

जूनमध्ये डोंगर नको. तो महिना पायांना द्या. सकाळी खांदेश्वर तलावाभोवती भरभर फेऱ्या, आठवड्यातून तीनदा इमारतीचे जिने, आणि रविवारी खारघरच्या टेकडीवर चाफेवाडी-फणसवाडीकडे जाणारा चढाचा रस्ता. खांदेश्वरहून खारघर दोनच स्टेशनं. पांडवकड्याकडे मात्र पावसात वळू नका. तिथे माणसं वाहून गेली आहेत आणि दर पावसाळ्यात मनाई असते.

जिने चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करा. बहुतेक जण दहा मजले चढतात आणि लिफ्टने खाली येतात. डोंगरात दम चढताना लागतो, पण गुडघे आणि मांड्या जातात त्या उतरताना. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून पाच-सहा किलो वजन करा आणि जिना सावकाश, टाच न आपटता उतरा. महिन्याभरात फरक कळतो. बूट नवे असतील तर ते याच काळात पायात बसवा. तळव्याला खोल खाचा हव्यात. सपाट तळव्याचे धावायचे बूट ओल्या कातळावर हमखास दगा देतात.

वेळेचा अंदाज बांधायची एक जुनी रीत आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली ती मांडली: दर पाच किलोमीटर चालीला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. आपल्या दमट हवेत आणि गटाच्या चालीत येणाऱ्या उत्तराची दीडपट करावी. ठाकूरवाडीहून प्रबळगड म्हणजे ढोबळमानाने सहाशे मीटर चढ आणि पाचेक किलोमीटर चाल. हिशेबाने दोन तास होतात, तुम्ही तीन धरा. परतीलाही जवळजवळ तेवढेच धरा, कारण घसाऱ्यावर उतरताना गटाचा वेग वाढत नाही. या आकड्यांवरून “परत फिरायची वेळ” काढा आणि निघण्याआधी ती सगळ्यांना मोठ्याने सांगा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. परतीला तीन तास हवे असतील आणि अंधाराआधी तासभर हाताशी हवा असेल, तर दुपारी दोनला, असाल तिथून, पाठ फिरवायची. माथा समोर दहा मिनिटांवर दिसत असला तरीही.

ऋतूप्रमाणे क्रम

जुलैच्या मध्यावर कर्नाळा. पनवेलहून पेण-अलिबागकडे जाणाऱ्या एसटीने अभयारण्याच्या फाटकाशीच उतरता येतं. वाटेत शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. त्यांचे आजोबा या कर्नाळ्याचे किल्लेदार होते. वाट रुंद आहे, जंगलातून जाते, ओढ्याचं मोठं पात्र ओलांडावं लागत नाही, म्हणून नवख्या गटाला पावसात हीच बरी. फाटकावर नोंद करून तिकीट घ्या, आणि अभयारण्य संध्याकाळी बंद होतं हे ध्यानात ठेवून निघा. अंगाला अत्तर किंवा डिओ नको, वर आरडाओरडा नको, धूर तर अजिबात नको. मधमाश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका. तोंड आणि मान कपड्याने झाका आणि आल्या वाटेने झाडीत शिरा.

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे आणि काही किल्ल्यांवर मनाई आदेश काढतं. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. निघण्याच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याकडे चौकशी करा. “मागच्या वाटेने सोडतात” असं कुणी सांगितलं तर त्या माणसालाच सोडा.

सप्टेंबरअखेर सोंडाई. कर्जतहून रिक्षाने सोंडेवाडी गाठायची. डोंगर लहान, पण वरच्या टप्प्यावर लोखंडी शिड्या आहेत आणि त्या ओल्या असतात. शिडीवर एका वेळी एकच माणूस, तोंड कातळाकडे. माथ्यावर सोंडाई देवीचं उघड्यावरचं ठाणं आहे. गावकऱ्यांची रीत अशी की वर जाताना पादत्राणं खाली काढून ठेवायची. ती पाळा, मग ओल्या दगडावर अनवाणी जपून पाय टाका.

ऑक्टोबरात उन्हाचा चटका आणि माजलेलं गवत, दोन्ही एकदम असतात. सापही याच दिवसांत गवतातून दिसतात. त्या महिन्यात नवा डोंगर आम्ही घेत नाही. पहिल्यांदा दोर हाताळायला हा महिना चांगला: हार्नेस कसा घालायचा, बिले म्हणजे काय, गाठ कशी तपासायची, हे बेलापूरच्या कातळावर एखाद्या प्रशिक्षकाकडून शिकून घ्या. पुढे चंदेरी आणि इर्शाळला ते कामी येतं.

नोव्हेंबरात दोधाणी आणि पेब. दोधाणीला पनवेलहून जाता येतं, गाढी नदीच्या खोऱ्यातून, गाढेश्वरच्या धरणावरून. तिथून उभी वाट थेट माथेरानच्या सनसेट पॉइंटला निघते. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला पोहोचले आणि पुढे तिथे थंड हवेचं ठिकाण झालं, पण या पायवाटांनी खालच्या वाड्यांतली माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून चढत आली आहेत. आजही ती वाट तुडवत दुधाचे कॅन घेऊन चढणारी मंडळी भेटली तर बाजूला होऊन त्यांना आधी जाऊ द्या. त्यांच्या चालीकडेही नीट पाहा. लहान पावलं, एकसारखा श्वास, मध्ये थांबणं नाही. वर पोहोचल्यावर दस्तुरी नाक्याकडून नेरळला उतरलं तर आडवी पार होते.

पेबला, म्हणजे विकटगडाला, खांदेश्वरहून ठाण्याची ट्रान्स-हार्बर लोकल आणि ठाण्याहून कर्जत लोकलने नेरळ. विजेच्या मनोऱ्यांच्या रोखाने वाट चढते, वर गुहा, शिडी आणि माथ्यावर दत्ताच्या पादुका. उतरताना छोट्या रेल्वेच्या रुळांवरून चालत माथेरान गाठायचा मोह होतो. रूळ हा चालायचा रस्ता नव्हे, आल्या वाटेनेच या.

डिसेंबरात माणिकगड आणि प्रबळगड. माणिकगड रसायनीजवळच्या वाशिवलीतून. उंची पाचशे सत्तर मीटरच्या आसपास, पण चाल लांब, जंगल दाट आणि वाटांना फाटे फार. इथे गावातला वाटाड्या घ्याच, आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. डिसेंबरात गवत वाळून आडवं झालेलं असतं, वाट पुन्हा दिसू लागते.

प्रबळगडासाठी ठाकूरवाडी. तिथून प्रबळमाचीपर्यंत बैलगाडीएवढी मळलेली वाट, मग घळीतून उभा, दगडांनी भरलेला चढ, आणि वर एकदम सपाट, गर्द रानाचं पठार. शहाजीराजे १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांना तोंड देत होते, तेव्हा माहुलीला जाण्याआधी जिजाबाई आणि बाल शिवाजी यांच्यासह याच गडाच्या, तेव्हाच्या मुरंजनच्या, आश्रयाला आले होते. त्या पठारावर चुकणं फार सोपं आहे. सगळीकडे सारखीच झाडी, क्षितिज दिसत नाही. माचीतला माणूस सोबत असेल तरच काळा बुरुजापर्यंत जा. तिथून समोर कलावंतीण दिसते आणि तिच्या पायऱ्यांवरची माणसं किती लहान आहेत ते कळतं.

या घळीतून उतरण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागातले बहुतेक मुरगळलेले पाय इथले असतात. घसाऱ्यावर पाऊल आडवं टाका, बोटं थेट उताराकडे करू नका. आधी पाय टेका, दगड हलतो का बघा, मग वजन द्या. शरीर मागे रेलू नका. भीतीने माणूस मागे झुकतो, तसा तळवा सुटतो आणि तो पाठीवर बसतो. गुडघे किंचित वाकलेले ठेवा. मागच्या-पुढच्यात अंतर ठेवायचं की एकमेकांना अगदी चिकटून चालायचं, यावर गटागटांत वाद आहेत. आमचा नियम असा की अरुंद घळीत तीन-चार जणांचं टोळकं एकमेकांच्या अगदी जवळून उतरतं, म्हणजे सुटलेल्या दगडाला वेग यायच्या आत तो अडवता येतो. दुसरं टोळकं पहिलं बाजूच्या आडोशाला लागल्यावरच निघतं. दगड सुटला की “दगड!” अशी आरोळी. ती ऐकली की वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं, सॅक डोक्यावर घ्यायची.

जानेवारीत चंदेरी आणि इर्शाळ. चंदेरीला वांगणी-बदलापूरकडून चिंचवलीने किंवा आपल्या बाजूच्या तामसईने जातात. घळीतला घसारा इथेही आहेच. गुहेपाशी बसून जेवा आणि दोरवाले जोडीला नसतील तर समाधानाने उतरा.

इर्शाळबद्दल वेगळं बोलायला हवं. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि पायथ्याची इर्शाळवाडी गाडली गेली. ज्यांच्या अंगणात बसून वर्षानुवर्षं ट्रेकर चहा-पोहे घेत होते, ती ठाकर कुटुंबं त्यात गेली. सत्तावीस मृतदेह सापडले आणि सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. त्या रात्री रस्ता नसलेल्या चढावर मदत घेऊन धावणाऱ्यांत आसपासच्या गिर्यारोहण संस्थांची पोरं होती. तुम्ही यादीसाठी तिथे जाल तेव्हा ती जागा ओलांडताना गाणी, स्पीकर, घोषणा नकोत. फोटोसाठी ढिगाऱ्यावर चढू नका. स्थानिकांनी जाऊ नका म्हटलं तर दुसरा डोंगर घ्या. सांकशी आहे, पेणजवळची, बुटकी पण कातळटप्प्यात कस पाहणारी.

फेब्रुवारीत कलावंतीण, आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी. रजा काढा. रविवारी त्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात आणि कठडा नसलेल्या बाजूला सरकायची पाळी येते. उंची सुमारे सहाशे ऐंशी मीटर, म्हणजे प्रबळगडाहून थोडी कमी, पण पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच आणि उताराच्या अगदी कडेने कोरलेल्या. चढताना डोंगराकडचा हात कातळावर ठेवा. उतरताना पहिल्या दोन-तीन पायऱ्या तोंड डोंगराकडे करूनच उतरा, डोळे सरावले की मग आडवे व्हा. फोन सॅकमध्ये. पायऱ्यांवर सेल्फी घेणाऱ्याला गटाने तिथल्या तिथे थांबवावं, मग राग आला तरी चालेल.

पाठीवर काय, पोटात काय

पाणी माणशी तीन लिटर, हिवाळ्यातही. त्यातल्या एका लिटरमध्ये ओआरएसचं एक पाकीट. नुसतं पाणी ढोसून गोळे थांबत नाहीत, मीठ जातं ते भरून यायला हवं. खाणं असं, जे दुपारपर्यंत आंबत नाही: भाकरी, तिळाची चटणी, गूळ-शेंगदाणे, उकडलेली अंडी. डोक्याला लावायची विजेरी प्रत्येकाकडे, दिवसाचा ट्रेक असला तरी. शिट्टी. एक जादा सुती पंचा, जो ऊन, मधमाश्या आणि मोडलेला हात तिन्हींना उपयोगी पडतो. माचीतल्या घरात जेवण सांगायचं असेल तर आदल्या दिवशी फोनवर माणसं मोजून सांगा, आणि आयत्या वेळी कुणी गळालं तरी पैसे पुरे द्या. त्यांनी तांदूळ शिजवलेला असतो. कचरा आपल्याच सॅकमधून पनवेलपर्यंत खाली.

अपघात झालाच तर आधी जागा सुरक्षित करा, जखमीला हलवायची घाई करू नका. एक जण त्याच्याजवळ, दोघं रेंज मिळेल तिथवर. ११२ आहेच, पण डोंगरातल्या शोधकार्यासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा ७६२०२३०२३१ हा क्रमांक गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. फोनवर सांगायचं ते नेमकं: डोंगर, पायथ्याचं गाव, कुठल्या वाटेवर, माणसं किती, जखम काय, पाणी किती उरलंय. साप चावला तर घट्ट बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काही नाही. तो अवयव हलू न देता आधार द्या आणि माणसाला उचलून खाली आणा. प्रतिसर्पविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं, म्हणून तडक पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जे सरकारी रुग्णालय जवळ असेल ते गाठा.

कळसूबाई

नऊ झाले की कळसूबाई सोपी वाटते, आणि वाट तशी सोपीच आहे. बारी गावातून मळलेली, कठीण जागी लोखंडी शिड्या असलेली. पण चढ आठशे मीटरहून जास्त, आणि इतका चढ एका दमात यादीत आधी कुठेच आलेला नसतो. म्हणून ती शेवटी. नवरात्रात वर देवीच्या दर्शनाला रीघ लागते, तेव्हा जाऊ नका. फेब्रुवारीतली एखादी शनिवार-रविवारची जोडी धरा. खांदेश्वरहून ठाणे, ठाण्याहून कसारा लोकल, कसाऱ्याहून गटाने जीप ठरवायची. जीपवाल्याशी जाण्या-येण्याचं भाडं आदल्या आठवड्यातच पक्कं करा, रात्री उशिरा कसाऱ्याला भाव वाढतात. शनिवारी संध्याकाळी बारीत एखाद्या घरी मुक्काम करून पहाटे चारला निघालात तर ऊन चढायच्या आत देवळापाशी पोहोचता. वर वारा फार असतो. घामाने भिजलेला सदरा बदलायला कोरडा कपडा आणि टोपी हवीच. समोर अलंग-मदन-कुलंग दिसतील आणि गटातलं कुणीतरी लगेच पुढच्या वर्षाचं बोलू लागेल. ते तिघे या यादीच्या पुढच्या इयत्तेतले आहेत. त्यांच्यासाठी दोराचं काम वर्षभर शिकावं लागतं, म्हणून बेलापूरच्या कातळावरचे रविवार मार्चपासूनच, सकाळी नऊच्या आत, सुरू करा.